दुसऱ्या मालकाची पसंती

स्वस्त गाड्यांपैकी नेमकी कोणती देशभर चालेल, याचा अंदाज बांधायला लोक शोरूममध्ये बघतात. किंमत किती, हप्ता किती बसतो, ॲव्हरेज किती देते. हे तिन्ही प्रश्न खरे आहेत, पण एवढ्या बळावर एखादं मॉडेल चार-दोन वर्षं खपतं. गावोगाव रुजत नाही. रुजायला दुसरा मालक लागतो, मग तिसरा, पुष्कळदा चौथाही. आज देशात नव्या मोटारींपेक्षा जुन्या मोटारींचे व्यवहार जास्त होतात, आणि आमच्या दुबलगुंडीसारख्या गावात घरातली पहिली चारचाकी बहुतेक वेळा जुनीच येते. ती घेणारा माणूस जाहिरातीवर जात नाही, मिस्त्रीला विचारतो. मिस्त्रीने मान डोलावली तर त्या गाडीचा भाव टिकतो. भाव टिकला की शहरातलं पहिलं गिऱ्हाईकही तिच्याकडे वळतं, कारण ‘उद्या इकायची म्हटली तर किती येतील’ हा हिशेब नवी गाडी घेतानाच मांडलेला असतो. स्वस्त गाडीची लोकप्रियता अशी खालून वर चढते, असं माझं ठाम मत आहे.

हे बघायला आमचा मुलूख सोयीचा आहे. दुबलगुंडी कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात, हुमनाबाद तालुक्यात. हुमनाबादेवरून पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. जुनी माणसं त्याला अजून नऊ नंबरचा हायवे म्हणतात, आता त्याचा नंबर ६५ आहे. एका अंगाला सोलापूर, दुसऱ्या अंगाला हैदराबाद, दोन्ही साधारण दीडशे किलोमीटरच्या आसपास. बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग पूर्ण होऊन सुरू व्हायला २०१७ चा ऑक्टोबर उजाडला. तोवर कलबुर्गी गाठायची तर रस्त्यानेच. हुमनाबादच्या चौकात केए ३८, एमएच २५ आणि टीएस १५ अशा तीन राज्यांच्या पाट्यांच्या गाड्या एका रांगेत उभ्या दिसतात आणि त्यांचे सौदे कन्नड, मराठी, दखनी अशा तिन्ही बोलींत होतात. तूर, सोयाबीन, ऊस यांच्या पैशावर चालणारा हा भाग आहे. पीक हाती आलं की घर, लग्न आणि गाडी हे विषय एकदमच निघतात.

देशात मोटारीचा कारखाना काढायची जिद्द धरणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, म्हणजे याच रस्त्यावरचे. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभी राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट म्हणून आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून मूळची एकच गाडी निघत राहिली. तिकडे कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला ॲम्बेसेडर बनत होती. परवाना आणि कोट्याच्या त्या काळात दोन्ही गाड्या सामान्य माणसाला परवडणाऱ्या नव्हत्या, आणि पैसे असले तरी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. तरी त्यांनी एक पाया घातला. इतकी वर्षं यंत्रात फारसा बदल झाला नाही, त्यामुळे मिस्त्रींच्या दोन-दोन पिढ्या एकाच इंजिनावर शिकल्या. ॲम्बेसेडर २०१४ साली बंद झाली. पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या तोंडावर थांबलं, पण मुंबईत तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली, आणि थांबली तीही टॅक्सीच्या वयोमर्यादेचा नियम आडवा आला म्हणून.

खेड्यात या दोन्ही गाड्या पाटील, सावकार किंवा सरकारी साहेबांपुरत्या. आमच्या लोकांना चारचाकी कळली ती जीपमुळे. महिंद्रची जीप, मग फिरोदियांच्या कंपनीची ट्रॅक्स, पुढे क्रूझर. आजही उमरगा, बसवकल्याण, आळंद या रस्त्यांवर क्रूझर माणसं भरून धावते. या गाड्यांनी पाटे बदलणं, डिझेल पंप काढणं, चासीला वेल्डिंग मारणं ही कामं तालुक्याच्या गॅरेजात आणली. मिस्त्री आधी जीपवर तयार झाला आणि मग त्याच्या भरवशावर मोटार गावात आली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

मारुती ८०० बद्दल खूप लिहिलं गेलंय. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची चावी दिली. किंमत पन्नास हजारांच्या आतबाहेर. गाडी यायच्या आधीच सव्वा लाखाहून जास्त लोकांनी आगाऊ नोंदणी केली होती. गाडी मूळची सुझुकीची. जपानमध्ये छोट्या मोटारींना कर आणि पार्किंगच्या नियमांत सवलत होती आणि इंजिनाचं माप त्या वेळी ५५० सीसीपर्यंत बांधलेलं होतं. त्या सवलतीत बसवण्यासाठी जी छोटी गाडी तयार झाली, तिलाच इकडे ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन लागलं. सुरुवातीला सुटे भाग जपानहून येत. मग सरकारी अटीमुळे आणि कंपनीच्या आग्रहामुळे ते देशातच बनू लागले आणि गुडगावच्या आसपास पुरवठादारांचं जाळं उभं राहिलं. माझ्या मते ८०० च्या यशाचं मर्म त्या पन्नास हजारांपेक्षा या जाळ्यात आहे.

कारण पहिली दहा-पंधरा वर्षं ती आमच्याकडे डॉक्टर, वकील आणि बँक मॅनेजर यांचीच गाडी होती. १९९८ च्या सप्टेंबरात ह्युंदाईची सँट्रो आली, डिसेंबरात टाटांची इंडिका आली, आणि शहरातल्या माणसांना ८०० लहान वाटू लागली. त्यांनी ती विकायला काढली. तिथून तिचं दुसरं आयुष्य सुरू झालं आणि ते पहिल्यापेक्षा मोठं ठरलं. एकाच मापाचं इंजिन ८०० मध्ये, मारुती व्हॅनमध्ये म्हणजे ओम्नीत, आणि २००० साली आलेल्या ऑल्टोच्या मूळ मॉडेलमध्ये होतं. एक इंजिन शिकलेला पोरगा तीन गाड्या उघडू शकत होता. क्लच प्लेट, वॉटर पंप, ब्रेकचे लायनर तालुक्याच्या दुकानात मिळायचे, कंपनीचेही आणि बाहेरच्या मेकचेही, खिशाला झेपतील तसे.

एप्रिल २०१० मध्ये देशातल्या निवडक १३ शहरांत प्रदूषणाचे भारत-४ नियम लागू झाले आणि ८०० त्यांत बसत नव्हती. त्या यादीत हैदराबाद होतं, पुणं होतं आणि सोलापूरही होतं. म्हणजे आमच्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना नवी ८०० विकणं बंद झालं आणि मधल्या बीदर-कलबुर्गीत ती विकता येत राहिली. गाडीचं उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. तोवर २५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

जुनी गाडी बघायला जाणं हा आमच्याकडे अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम असतो. देवणी बैल घेताना जसे दात बघतात, तसा मिस्त्री गाडीच्या अंगाला हात लावतो. इंजिन थंड असताना चालू करून दाखवा, हे त्याचं पहिलं मागणं. गरम इंजिन दोष झाकतं. सेल्फ एका दमात मारतो का, ते ऐकतो. ऑइलचं झाकण उघडून आतून वाफ आणि धूर किती येतो ते बघतो. पोराला ॲक्सिलेटर दाबायला लावतो आणि स्वतः मागे उभा राहतो. निळसर धूर निघाला तर रिंग गेली, मग भाव दहा-पंधरा हजारांनी खाली. दरवाज्यांवर बोटांनी टकटक करत जातो, पुट्टी भरलेली जागा आवाजावरून कळते. बोनेटच्या नटांवर पान्याचे ओरखडे दिसले तर गाडी पुढून ठोकलेली आहे असं धरायचं. शेवटी स्टिअरिंग हातात घेऊन खराब रस्त्यावर नेतो आणि शॉकअपचा आवाज ऐकतो. कागद नंतर. कितव्या हाताची, बँकेचा बोजा उतरला का, विमा कधीपर्यंत, पासिंग कुठली. एवढं झाल्यावर घेणाऱ्याला तो हळूच सांगतो, “घ्या आण्णा, काम निघालं तरी दोन-चार हजारांत भागतंय.” या एका वाक्यावर या देशातल्या लाखो गाड्या विकल्या गेल्या आहेत. ज्या मॉडेलबद्दल मिस्त्री हे वाक्य बोलू शकत नाही, त्याला कितीही सवलत द्या, ते गावात येत नाही.

बाहेरच्या देशांतही हेच दिसतं. केनियात नवी मोटार घेणारे फार थोडे. तिथे जपानमध्ये वापरलेल्या गाड्या येतात, आठ वर्षांपेक्षा जुनी आणायची नाही असा नियम आहे, आणि त्यांत टोयोटाला मान आहे. म्हणजे एका देशाची आवडती गाडी जवळपास पूर्णपणे दुसऱ्या मालकांनी ठरवली. फोक्सवॅगनची बीटल जर्मनीत मागे पडल्यानंतरही मेक्सिकोत २००३ पर्यंत बनत राहिली, कारण तिथल्या गल्लीतल्या मिस्त्रीला ती पाठ होती. सिट्रोएनच्या ‘टू सीव्ही’ची मूळ कल्पना तर फ्रान्सच्या शेतकऱ्यासाठीच होती. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फोडता नेता आली पाहिजे, ही तिची अट प्रसिद्ध आहे. १९४८ पासून १९९० पर्यंत ती चालली. या गाड्या वेगळ्या, देश वेगळे, पण प्रत्येकीचं यंत्र साधं होतं आणि बरीच वर्षं बदललं नाही.

आता नॅनो. हा विषय काढला की मला खरोखर हळहळ वाटते, कारण रतन टाटांचा हेतू आमच्यासारख्यांसाठी होता. स्कूटरवर बायको आणि दोन पोरं घेऊन पावसात निघालेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. जानेवारी २००८ मध्ये एक लाखाची गाडी दाखवली गेली. सिंगूरच्या जमिनीच्या आंदोलनामुळे कारखाना गुजरातेत साणंदला हलवावा लागला आणि गिऱ्हाईक ताटकळलं. सुरुवातीच्या काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का बसला आणि तो नडला, असं खुद्द टाटांनीही पुढे म्हटलं. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाखांची होती. नॅनोचा खप सर्वांत चांगल्या वर्षातही पाऊण लाखाच्या आतच राहिला. २०१८ मध्ये ती थांबली.

लोकांना हलकी वस्तू चारचौघांत नको होती, हे कारण नेहमी सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. लग्नाला, तुळजापूरला किंवा गाणगापूरला ज्या गाडीतून उतरायचं ती चारचौघांत शोभली पाहिजे. पण दुबलगुंडीतून बघताना मला दुसरं कारण जास्त वजनाचं वाटतं. नॅनोची खरी स्पर्धा स्कूटरशी नव्हतीच. तिची गाठ पडली ती वापरलेल्या मारुती ८०० शी. तेवढ्याच पैशांत चार-पाच वर्षं जुनी ८०० मिळत होती, इंजिन पुढे, मिस्त्रीच्या ओळखीचं, मागची डिकी उघडणारी. नॅनोचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे बसवलेलं होतं आणि सुरुवातीच्या मॉडेलला मागचं दार उघडत नव्हतं. तालुक्यातल्या गॅरेजात ते इंजिन कुणी शिकलेलं नव्हतं. पुरेशा गाड्या आल्या नाहीत म्हणून कुणी शिकलं नाही, आणि कुणी शिकलं नाही म्हणून गाड्या आल्या नाहीत. पहिल्या मालकाने ती विकायला काढली तेव्हा भाव पडलेला होता, आणि ही बातमी शोरूमपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

सरकारी करांचा हात यात किती मोठा असतो, हे गिऱ्हाईकाला दिसत नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि छोट्या इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. त्या एका रेघेने पुढची वीस वर्षं आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांचा आकार ठरवला. नाशिकला महिंद्र आणि रेनो यांनी मिळून २००७ मध्ये लोगान काढली. युरोपात हीच गाडी स्वस्त आणि दणकट म्हणून गाजली होती. इथे ती सव्वाचार मीटरची निघाली, सवलतीबाहेर पडली आणि महाग झाली. मारुतीने मात्र २०१२ मध्ये डिझायरची शेपटी कापून ती चार मीटरच्या आत आणली, आणि पुढे ती देशात पहिल्या क्रमांकापर्यंत पोचली. बोलेरोचंही तेच झालं. २०१६ मध्ये लहान इंजिन आणि आखूड बंपर घेऊन ती त्याच मापात बसली. सप्टेंबर २०२५ पासून याच मापाच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा उपकरही गेला. मारुतीची एस-प्रेसो साडेतीन लाखांच्या आत आली.

सीमेवरच्या माणसाला याशिवाय राज्याचा कर आहे. कर्नाटकाचा आजीवन कर देशातल्या जबर करांपैकी; पाच लाखांपर्यंतच्या गाडीला किमतीच्या १३ टक्के आणि वर अधिभार. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. त्यामुळे उमरगा-लातूरकडची एमएच पासिंगची जुनी गाडी इकडे स्वस्त वाटते. पण बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर ना-हरकत दाखला आणा, इथला कर भरा, नवा नंबर घ्या. हा कर गाडीच्या मूळ किमतीवरून आणि वयावरून ठरतो, म्हणून ऑल्टो किंवा वॅगनआर नावावर करून घेणं झेपतं आणि मोठी गाडी झेपत नाही. एकच मॉडेल तिन्ही राज्यांत सारखं विकलं जात असेल, तर हा त्रास सोसूनही सौदा होतो. विरळ मॉडेल कुणी ओलांडून आणत नाही.

कर्जाचं थोडक्यात सांगतो. २००४ च्या सुमारास मारुतीने ८०० साठी दरमहा २,५९९ रुपयांच्या हप्त्याची योजना काढली, तेव्हा लोक किमतीऐवजी हप्ता बोलू लागले. पगारदाराला ते जमतं. शेतकऱ्याचा पैसा वर्षातून एक-दोनदा येतो; त्याला महिन्याचा हप्ता अवघड जातो, म्हणून तो तूर विकून रोख जुनी गाडी घेतो. आमच्याकडे जुन्या गाडीला एवढं महत्त्व येण्याचं हे मोठं कारण आहे.

इंडिकाची गोष्ट मी सुमोसकट बघतो, कारण दोन्ही पुण्याच्या. सुमो १९९४ ची, टाटांच्या मोटार कारखान्याची घडी बसवणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून नाव मिळालेली. या दोन्हींचं बळ डिझेलमध्ये होतं. डिझेलचा भाव सरकारने धरून ठेवलेला असेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०१४ पर्यंत, रोज शंभर-दीडशे किलोमीटर चालणाऱ्याला पेट्रोल गाडी परवडत नव्हती. इंडिकात सुरुवातीला खोड्या होत्या. २००१ च्या व्ही-टूने त्या बऱ्याच काढल्या. मग ती टॅक्सी झाली, टॅक्सीने झिजली आणि स्वस्तात गावात आली. डिझेल महाग झालं, २०२० मध्ये भारत-६ आलं, मारुतीने डिझेल सोडलं, आणि ही वाट बंद झाली. आता तिची जागा गॅसवरच्या वॅगनआर आणि ईको घेतायत, जिथे पंप आहे तिथे.

ईकोचं मला विशेष कौतुक वाटतं. २०१० पासूनची साधी पेटीसारखी गाडी, सरकत्या दाराची. सकाळी शाळेची पोरं, दुपारी बाजाराचा भाजीपाला, लग्नसराईत वऱ्हाड, कुणी आजारी पडलं तर आडवं झोपवून बीदरला. २०२३ पर्यंत दहा लाख विकल्या गेल्या, तेही गाजावाजा न होता. एकाच गाडीने घर आणि धंदा दोन्ही ओढायचं असतं, तिथे दिसण्याचा प्रश्न मागे पडतो.

दुसऱ्या मालकाची ही पसंती एका बाबतीत आपल्याला महागात पडली आहे. मिस्त्री धूर बघतो, पुट्टी बघतो, पण टक्कर झाली तर आतला माणूस वाचेल का, हे तपासायचं त्याच्याकडे साधन नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या टक्कर-चाचण्या घेणाऱ्या संस्थेने ऑल्टो ८००, नॅनो, आय-टेन यांसारख्या आपल्या गाड्यांच्या चाचण्या जाहीर केल्या. प्रौढांच्या सुरक्षेत त्यांना एकही तारा मिळाला नाही. त्याच गाड्या आता तिसऱ्या-चौथ्या हाताला आमच्या रस्त्यांवर आहेत, पाच जागांवर आठ माणसं घेऊन, ६५ नंबरच्या हायवेवर ट्रकांच्या शेजारून. पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्या त्या २०२१-२२ मध्ये. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत बहुतेक वेळा नाहीत. परवडणारी गाडी म्हणून आपण इतकी वर्षं जे कौतुक केलं त्यात ही किंमत धरलीच नव्हती, आणि ती गरिबाच्याच पदरात पडली. थोडा दिलासा असा की २०२४ साली देशात सर्वाधिक खपलेली मोटार टाटांची पंच ठरली. पुण्यात बनणारी, पाच ताऱ्यांची, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मारुतीची नसलेली. या पंच जुन्या होऊन आमच्याकडे यायला लागल्या की सुरक्षितपणाही भावात धरला जाईल अशी मला आशा आहे.

विजेच्या गाड्यांचं मात्र अजून जुळलेलं नाही. २०२२ मध्ये टियागोची विजेवरची गाडी आली, पुढच्या वर्षी एमजीची कॉमेट. घरच्या प्लगवर चार्ज होतात, चालवायला पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त, रोज हुमनाबादला ये-जा करणाऱ्या मास्तरला अगदी सोयीच्या. नवी घेणाऱ्याला आठ वर्षांची बॅटरीची हमी मिळते. पण सहा वर्षांनी ती विकायला काढली, तर घेणाऱ्याने काय बघायचं? बॅटरीत किती जीव उरलाय हे धुरावरून कळत नाही, बोटाने टकटक करूनही कळत नाही, आणि बदलायची तर गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. कंपन्यांनी बॅटरीच्या तब्येतीचा कागद गाडीबरोबर द्यावा, हमी पुढच्या मालकाच्या नावावर विनासायास चढावी, आणि तालुक्याच्या मिस्त्रींना हे काम शिकवावं. आयटीआयमध्ये बीदरला किंवा कलबुर्गीला एक-दोन तुकड्या निघाल्या तरी सुरुवात होईल. तोवर आमच्या चौकातला सौदा पेट्रोलवरच्या सात वर्षं जुन्या वॅगनआरचाच होत राहणार.